चौघांच्या तालमीत ठरवतं कोण?

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी विद्यापीठाच्या संगीत विभागात व्हायोलिन शिकते, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत, हा विषय सगळ्यांना सक्तीचा. सत्राच्या सुरुवातीला याद्या लागल्या, त्यात तिचं नाव एका स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, त्यांच्याहून थोडा मोठा आणि खालच्या सुराचा व्हायोला, आणि चेलो अशा चौघांच्या गटात) दुसऱ्या व्हायोलिनसाठी आलं. पहिलं व्हायोलिन तिच्याहून एक वर्ष पुढे असलेल्या मुलाकडे. सत्राअखेरीच्या कार्यक्रमासाठी बेथोव्हनचं ओपस १८ (त्याच्या कृतींमधला अठराव्या क्रमांकाचा संच) मधलं चौथं, सी मायनर या पट्टीतलं क्वार्टेट बसवायचंय; चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. तालमीत तो मुलगाच मध्ये थांबवतो, तोच सूचना देतो. चेलो वाजवणारी मुलगी त्याच्याशी हुज्जत घालते, व्हायोलावाला घड्याळाकडे बघत बसतो आणि ही गप्प राहते. आठवड्यातून एक तास कोच येतात, तेव्हा मात्र चौघंही शहाण्यासारखे वागतात. तिच्या मुख्य सरांचं म्हणणं, 'चेंबरमध्ये फार वेळ घालवू नकोस, स्पर्धेचा कॉन्चेर्टो तयार कर.' (कॉन्चेर्टो म्हणजे एका मुख्य वादकाने ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची रचना.) घरून आई विचारते, 'तुला पहिलं का नाही दिलं?' त्यातच व्हायोलावाला यंदा पदवी घेऊन बाहेर पडतोय, म्हणून विभागाने विचारलंय की पुढच्या वर्षी तू व्हायोला वाजवशील का. तिचे प्रश्न तीन : ग्रुप बदलून मागू का? पुढच्या सत्रात पहिल्या व्हायोलिनचा आग्रह धरू का? आणि व्हायोलाला हो म्हटलं तर मी आणखी एक पायरी खाली उतरले असं होईल का?

तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे. त्यात चौघांचे स्वभाव आहेत, यादी आहे, सरांचं बोलणं आहे, आईचा फोन आहे. एकाच गोष्टीचा उल्लेख नाही आणि मला सगळ्यात आधी तीच खटकली. तुम्ही बसवताय त्या क्वार्टेटच्या दुसऱ्या मूव्हमेंटबद्दल, म्हणजे दुसऱ्या भागाबद्दल, तू अवाक्षर काढलेलं नाहीस.

ती मूव्हमेंट तू सुरू करतेस. एकटी. बाकीचे तिघं गज धरून थांबलेले असतात. तुझं वाक्य पुरं होत आलं की व्हायोला तेच वाक्य घेऊन येतो आणि पहिल्या व्हायोलिनची पाळी त्याच्याही नंतर. म्हणजे लय किती ठेवायची, ते तुटक स्वर गज तारेवर ठेवून काढायचे की उचलून, त्यातला खट्याळपणा किती दाखवायचा, हे सगळं पहिल्या दोन-तीन बारांत (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला ठेक्याचा एक कप्पा) तुझ्या हातून ठरून गेलेलं असतं. ज्याच्याबद्दल तुझी एवढी तक्रार आहे तो मुलगा तिथे तुझ्या मागून चालतो. आता खरं सांग, ही सुरुवात सध्या होते कशी? माझा अंदाज असा की तू त्याच्याकडे बघतेस, तो मान हलवून लय देतो आणि मग तू वाजवायला लागतेस. अंदाज चुकला असेल तर आनंदच आहे. बरोबर असेल, तर तुझ्या हक्काची एक जागा आत्ता, याच सत्रात, रिकामी पडून आहे आणि तिथे बसायला कोणत्याही यादीची गरज नाही.

यादीबद्दलही बोलू, कारण तुझ्या मनात ती गुणपत्रिका होऊन बसली आहे. अशा याद्या लावणारे शिक्षक काय काय बघतात? कोणाचे तास कधी रिकामे आहेत, व्हायोला आणि चेलो वाजवणारे मुळात किती आहेत, मागच्या वर्षी कोण काय वाजवून आलंय, कोणाला अनुभवी माणसाशेजारी बसवलं तर त्याचं भलं होईल. वादनाचा दर्जाही बघतात, ते मी लपवणार नाही. ओपस १८ मध्ये, विशेषतः तुमच्या या चौथ्यात, पहिल्या व्हायोलिनवर भार खरोखर जास्त आहे. पहिल्या मूव्हमेंटची सुरुवातच त्याच्या खालच्या तारेवरच्या धुनेने होते आणि ती धून चढत चढत वर जाते. एक वर्ष जास्त शिकलेल्या मुलाला ते काम दिलं यात तुझा अपमान शोधायचं कारण नाही. आणि जे काम तुझ्याकडे आलंय ते काय दर्जाचं आहे, याचा अंदाज तुला अजून आलेला नाही असं पत्रावरून वाटतं.

सुराचंच घे. तुमची दुसरी मूव्हमेंट सी मेजरमध्ये आहे, म्हणजे सी हा सा आणि ई हा गांधार. चेलो आणि व्हायोला यांची सगळ्यात खालची तार सी, तुमच्या व्हायोलिनची सगळ्यात वरची ई. प्रत्येकाने आपापल्या तारा शुद्ध पंचमात मिळवल्या की सी, जी, डी, ए, ई अशी चार पंचमांची साखळी तयार होते आणि तिच्या टोकाचा ई हा खालच्या सीशी तंतोतंत जुळणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे २२ सेंट वर जाऊन बसतो. (अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट.) तानपुऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याशेजारी हा ई ठेवून बघ, कान लगेच कुरकुरेल. चौघांनीही वाद्यं अचूक मिळवलेली असतात आणि तरी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वर, बेसूर लागतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून बरीच क्वार्टेट पंचम जरासे आवळून मिळवतात, म्हणजे चेलोचा सी फार खाली राहत नाही. आणि मोक्याच्या जागी व्हायोलिनवाले उघडी ई तार टाळून तो स्वर ए तारेवर बोटाने घेतात. मेजर कॉर्डमधला गांधार ज्याच्याकडे असेल त्याने तो पियानोवरच्या स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट उतरवला की कॉर्ड शांत होतो. हा गांधार कितीतरी वेळा मधल्या दोघांपैकी एकाकडे असतो, म्हणजे तुझ्याकडे किंवा व्हायोलाकडे. वर पहिलं व्हायोलिन कितीही सुरेल गात असलं तरी खाली तू तो स्वर चढा ठेवलास तर श्रोत्याला बेसूर वाटतो तो बिचारा पहिलाच! लयीचंही तसंच आहे. धून वाजवणारा थोडा रेंगाळतो, थोडा धावतो, त्याला ते करू द्यायचं आणि तरीही ठेका हलू द्यायचा नाही, हे काम मधल्या आवाजांचं.

आता भांडणांकडे वळू. तू लिहितेस, 'आमच्या ग्रुपमध्ये वाद होतात, म्हणजे आमचं जमत नाही.' हे गृहीत मला मान्य नाही. १९९१ साली कीथ मर्निघन आणि डोनाल्ड कॉनलन या दोन संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० व्यावसायिक स्ट्रिंग क्वार्टेटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांवाचून ज्यांचं पानही हलत नाही असे छोटे गट काम कसं करतात, हे त्यांना बघायचं होतं. त्यांना तीन पेच सापडले. पुढारी तर हवा, पण चौघांना सारखा हक्कही हवा. मतभेद झाले तर भिडायचं की तडजोड करायची. आणि तिसरा पेच थेट तुझा : दुसऱ्या व्हायोलिनला पहिल्याच्या तोडीचं वाजवता आलं पाहिजे, पण ते दाखवायची संधी मात्र क्वचितच मिळणार. गंमत अशी की यशस्वी क्वार्टेटांमध्येही हे पेच होतेच. ती मंडळी ते ओळखून होती, पण त्यांच्यावर चर्चासत्रं भरवत नव्हती. तालमीत बोलणं कमी, वाजवणं जास्त.

त्यामुळे 'चौघं एकदा बसून मनमोकळं बोलून घ्या' असा सल्ला तुला कोणी दिला तर जरा जपून. अशा बैठकीत पहिलं वाक्य हमखास 'तू नेहमीच...' असं निघतं, आणि ते ऐकून शांत राहणं विसाव्या वर्षी भल्याभल्यांना जमत नाही. तुमच्यात मला वाईट माणूस कोणी दिसत नाही. कमी आहे ती पद्धतीची. निर्णय कसा घ्यायचा हे आधी ठरलेलं नसलं की तो ज्याची जीभ आधी हलते त्याच्याकडे जातो. तुमच्याकडे ती त्या मुलाची हलते, एवढंच. तो सूचना देतो कारण कोणीतरी द्यायला हवी असं त्याला वाटत असणार. तू गप्प बसतेस तेव्हा ते त्याला संमती वाटतं आणि चेलोवालीला तू तिला एकटं पाडलंस असं वाटतं. तिची मतं तुला पटतात हे तू मला कळवलंस. तिला कळवलंस का?

पुढच्या तालमीआधी एक काम कर. लायब्ररीतून पूर्ण स्कोअर, म्हणजे चौघांचं वादन एकाखाली एक लिहिलेली प्रत, घे. आपापला पार्ट समोर ठेवून तालीम करणं म्हणजे संभाषणातली फक्त आपली वाक्यं पाठ करणं, आणि बहुतेक विद्यार्थी क्वार्टेट तेच करतात. स्कोअर समोर ठेवून, पेन्सिल घेऊन बस आणि बघ : धून कुठे तुझ्याकडे आहे, कुठे तू व्हायोलाबरोबर जोडीने चालतेस, कुठे पहिल्याच्या एक सप्तक खाली आहेस, कुठे एकटीच्या जिवावर ठेका आहे. तिसऱ्या मूव्हमेंटमधल्या मिन्युएटच्या (एका नृत्याच्या चालीवरच्या भागाच्या) मधला ट्रिओ नावाचा तुकडा उघड. तिथे पहिलं व्हायोलिन ट्रिपलेट्स (एका मात्रेत तीन-तीन स्वर) वाजवत साथीला जातं आणि बोलणं चालतं ते तुझं आणि खालच्या दोघांचं. मग तालमीत बोलायला जे तोंड उघडशील ते असल्या ठिकाणी उघड. 'तू फार जोरात वाजवतोस' असं म्हणू नकोस. 'ट्रिओच्या पहिल्या आठ बारांत माझी धून तुझ्या ट्रिपलेट्सखाली झाकली जातेय, एकदा अर्ध्या आवाजात घेऊन बघशील?' असं म्हण. बारचा क्रमांक, काय ऐकू आलं आणि काय करून बघू या. यापलीकडे चौथी गोष्ट त्या वाक्यात नको.

पद्धत म्हणून एक नियम सुचव, आणि तो कागदावर लिहून आणल्यासारखा सांगू नकोस, सहज सांग : ज्या जागी धून ज्याची, त्या जागी त्या दिवशी त्याचं चालेल. बाकीच्यांनी ती कल्पना आपलीच आहे अशा मनाने वाजवायची, हात राखून नाही. दुसरं मत असेल तर लगेच दुसऱ्यांदा तसं वाजवायचं. मग ठरवायचं. बहुतेक वाद इथेच विरतात, कारण तोंडाने सांगताना दोन टोकांची वाटणारी मतं वाजवल्यावर एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. तरीही विरले नाहीत तर तो बार पेन्सिलने गोल करून कोचसाठी ठेवून द्यायचा आणि पुढे जायचं.

या नियमाची परीक्षा घ्यायला तुमच्याच मिन्युएटमध्ये नामी जागा आहे. ट्रिओनंतर मिन्युएट परत येतं तेव्हा ते आधीपेक्षा जलद वाजवायचं अशी बेथोव्हनची स्पष्ट सूचना आहे. जलद, पण किती? ते चौघांनी मिळून ठरवायचं. एका तालमीत प्रत्येकाने आपापली लय द्यावी आणि चारही वेळा पूर्ण वाजवावं. व्हायोलावाल्यालाही लय द्यायला लाव. तो घड्याळाकडे बघतो कारण त्याला आजवर कोणी काही विचारलेलं नाही, असा माझा दाट संशय आहे.

दुसऱ्या मूव्हमेंटची सुरुवात मात्र तुझी तू ठरवून ये. घरी तीन वेगवेगळ्या लयींत वाजव, एक पक्की कर, आणि तालमीत त्या मुलाच्या मानेकडे न बघता स्वतः श्वास घेऊन सुरू कर. गज तारेवर टेकण्याआधीच्या श्वासातच लय असते, इतरांना ती दिसते. तो मध्ये थांबवेल कदाचित. थांबवू दे. 'आज या लयीत शेवटपर्यंत जाऊ, मग बोलू,' एवढं म्हणायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे : तुम्ही दोघांनी किंवा तिघांनी वेगळं बसणं. तू आणि व्हायोला अर्धा तास. तू आणि चेलो अर्धा तास. मग पहिल्याशिवाय तिघं. हे त्याच्या पाठीमागे करायचं नाही, त्याला सांगून करायचं, आणि तिघांच्या तालमीला त्यालाच श्रोता म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवायचं. आपल्या धुनेखाली काय काय चालतं हे पहिल्या व्हायोलिनवाल्याला स्वतः वाजवताना नीट ऐकूच येत नाही. त्याचं वागणं बदलायला तुझ्या भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होईल. तालीम कोण चालवणार हेही आळीपाळीने ठेवा; ज्याची पाळी त्याने आदल्या दिवशी कोणत्या बारांवर काम करायचं ते कळवायचं. फोनवर रेकॉर्डिंग करा, पण ते तिथल्या तिथे ऐकत बसू नका.

कोचच्या तासाला तुम्ही चौघं शहाण्यासारखे वागता असं तू लिहिलंस आणि मला हसू आलं. जगातली सगळी विद्यार्थी क्वार्टेट हेच करतात! तो तास छोट्या कार्यक्रमासारखा वाजवून दाखवण्यात जातो, कोच दोन छान गोष्टी सांगतात आणि खरी अडचण खोलीबाहेर उभी राहते. कोचना सरळ विनंती करा की या वेळी आम्ही २० मिनिटं आमची नेहमीसारखी तालीम करतो, तुम्ही फक्त बघा आणि आम्ही एकमेकांशी कसं काम करतो यावर बोला. चांगला कोच याने खूश होईल. ही विनंती चौघांच्या नावाने जाऊ दे, तुझ्या एकटीची चुगली म्हणून नको. तुमच्या विभागात व्यावसायिक क्वार्टेट नियुक्त असेल तर त्यांच्या तालमीला कोपऱ्यात बसू देतात का तेही विचार. मैफल ऐकून जे कळणार नाही ते तिथे कळतं. विद्यापीठात क्वार्टेट ठेवायची प्रथा आज कित्येक ठिकाणी दिसते, पण तिची एक सुरुवात फार विचित्र परिस्थितीत झाली. बेल्जियमचं प्रो आर्ते क्वार्टेट मे १९४० मध्ये अमेरिकेत मॅडिसनला बेथोव्हनची क्वार्टेट वाजवत होतं, तेवढ्यात जर्मनीने बेल्जियमवर हल्ला केला आणि परतीची वाट बंद झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलं. त्या नावाचं क्वार्टेट पुढे तिथेच राहिलं, वादक बदलत गेले तरी.

ग्रुप बदलून मागू का, याचं उत्तर आत्ता तरी नाही. सत्राच्या मध्ये एक जण निघाला की बाकी तिघांचा कार्यक्रम, आणि बऱ्याच ठिकाणी गुणही, लटकतात. आणि तुझ्या पत्रात ज्या गोष्टी आहेत त्या पुढच्या ग्रुपमध्येही तुला भेटतील, वेगळ्या चेहऱ्याने. पण काही गोष्टींना हे लागू नाही, ते याच परिस्थितीतल्या इतरांसाठीही सांगून ठेवते. कोणी अपमान करत असेल, वैयक्तिक बोलत असेल, नको तशी जवळीक करत असेल, किंवा वारंवार तालमीला येतच नसेल, तर तिथे नियम, पाळ्या, श्वास हे काही कामाचं नाही. विभागातल्या जबाबदार व्यक्तीकडे लगेच जायचं, तारखांसह लिहून द्यायचं आणि ग्रुप बदलून मागायचा. वाजवताना हात दुखत असेल तर तेही लपवायचं नाही.

पुढच्या सत्रात पहिलं व्हायोलिन माग, जरूर माग. त्यात गैर काही नाही, फक्त मागताना 'मला दुसरं देऊन अन्याय झाला' असं म्हणू नकोस. 'एका सत्रात दुसरं वाजवलं, आता पहिल्याची जबाबदारी शिकायची आहे' असं म्हण, आणि शक्यतो कोणती कृती वाजवायची आहे तेही सांग. तू दोन्ही वाजवावीस असं माझं स्पष्ट मत आहे, त्या मुलानेही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या एमर्सन क्वार्टेटमध्ये युजीन ड्रकर आणि फिलिप सेट्झर हे दोघं पहिलं-दुसरं आलटून पालटून वाजवत, आणि २०२३ मध्ये निरोप घेईपर्यंत त्यांनी ते चालू ठेवलं. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात दोन कृती असतील तर ही अदलाबदल अगदी सहज करता येते. मात्र ती दोघांनाही मनापासून हवी असली पाहिजे. एकाने दुसऱ्यावर उपकार केल्यासारखी खुर्ची दिली तर ती न घेतलेली बरी.

आईला काय सांगायचं? वाद घालू नकोस. दुसऱ्या मूव्हमेंटचं रेकॉर्डिंग पाठव.

सरांचं बोलणं मी उडवून लावणार नाही. स्पर्धा जवळ असेल तर तासांचा हिशोब खरोखर मांडावा लागतो, आणि चेंबरच्या तालमी ढिसाळ असतील तर त्या वेळ खातात हेही खरं. पण त्यांनी 'फार वेळ' म्हटलंय, 'वेळच नको' म्हटलेलं नाही. आठवड्यात दोन नेटक्या तालमी आणि एक कोचिंग एवढ्यात तुमचं काम व्हायला हवं. त्याहून जास्त तास जात असतील तर ते वादांमध्ये जातायत, आणि त्याचा उपाय वर सांगितलाच. सरांना हेही विचारून बघ की कॉन्चेर्टोच्या ज्या जागी ऑर्केस्ट्रातल्या वाद्याबरोबर मिळून वाजवायचं असतं, तिथे तुला ते काय सुधारायला सांगतात. मला खात्री आहे, ते ऐकायला सांगत असतील. तो सराव होतो कुठे?

शेवटी व्हायोला. व्हायोलावाल्यांवर विनोद करायची संगीतवाल्यांना जुनी खोड आहे आणि तुझा 'आणखी एक पायरी खाली' हा शब्दप्रयोग तिथूनच आलेला दिसतो. क्वार्टेट लिहिणाऱ्यांचं मत वेगळं होतं. मोझार्टला चेंबर म्युझिकमध्ये बसायचं असलं की तो व्हायोला घेई. ड्वोर्झाक तरुणपणी प्रागच्या नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवून पोट भरत असे, आणि १८९३ सालचं त्याचं 'अमेरिकन' क्वार्टेट उघडतं तेच व्हायोलाच्या धुनेने. स्मेतानाने १८७६ मध्ये आपल्या आयुष्यावर क्वार्टेट लिहिलं, त्यातही पहिला उद्गार व्हायोलाचा. आणि एक उदाहरण तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवलं होतं. अमाडेउस क्वार्टेटमधले नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे तिघंही मुळात व्हायोलिनवाले. क्वार्टेट करायचं तर कोणीतरी व्हायोला घ्यायला हवा होता, तो शिडलॉफने घेतला. १९८७ मध्ये तो वारला तेव्हा उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोलावादक शोधला नाही, क्वार्टेटच थांबवलं.

तरीही मी तुला लगेच हो म्हण असं सांगणार नाही, कारण अडचणी आहेत आणि त्या शरीराच्या आहेत. व्हायोलिनचं धड साधारण ३५.५ सेंटिमीटरचं, व्हायोलाचं बहुधा ३९ ते ४२ च्या दरम्यान. बोटांमधलं अंतर वाढतं, डावा हात लांब जातो, गज जड असतो आणि जाड तार बोलायला वेळ घेते, त्यामुळे व्हायोलिनच्या सवयीने वाजवलं तर तू सतत थोडी उशिरा ऐकू येतेस. आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलासाठीची वेगळी स्वरलिपी, वाचायला शिकावं लागतं. ते मात्र वाटतं तितकं कठीण नाही. विभागाकडे वाद्य असेल तर सुट्टीत छोट्या मापाचं मागून घे. सुरुवातीला दिवसाला अर्ध्या तासाच्या वर वाजवू नकोस, आणि खांदा किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांब. विभागाला तीन गोष्टी विचार : व्हायोलाचे स्वतंत्र धडे मिळणार का, व्हायोलिनच्या मुख्य विषयाचे तास आणि परीक्षा जशाच्या तशा राहणार का, आणि ही व्यवस्था एका वर्षापुरती आहे की पुढेही तुलाच धरून बसतील. उत्तरं लेखी घे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं तर नकार दे, कारण न शिकवता नुसती रिकामी खुर्ची भरून घ्यायची असेल तर तो त्यांचा प्रश्न आहे, तुझा नाही. तिन्ही उत्तरं मनासारखी आली तर सुट्टीतल्या सरावानंतर काय ते कळवते असं सांग, आणि सत्राअखेरीचा कार्यक्रम होईपर्यंत हा विषय बाजूला ठेव.